वेशीच्या कमानीवर नुसता बिगुल कोरायचा, की तीन तोफाही?

कागलची लेक

आमच्या गावच्या वेशीवर माजी सैनिकांची कमान होते आहे, काळ्या दगडात. वर्गणी जमली, पाथरवट ठरला, नक्षाही तयार झाला. दोन्ही खांबांवर मराठा लाइट इन्फंट्रीचा बिगुल आणि खाली पलटणीतल्या जवानांची नावं. बाकीच्या दलांतल्यांची नावं मागच्या बाजूला ‘इतर’ म्हणून.

माझे बाबा त्या ‘इतर’मध्ये आहेत. आर्मी ऑर्डनन्स कोअर, सैन्याला शस्त्रं आणि दारूगोळा पुरवणारं दल. सिकंदराबादला ट्रेनिंग, मग जबलपूर, मग पुलगावचं दारूगोळा भांडार. बावीस वर्षं नोकरी. गावात त्यांना ‘गोदामातला फौजी’ म्हणायचे आणि १५ ऑगस्टला झेंड्याजवळच्या खुर्च्या भरल्या की ते आपणहून मागच्या रांगेत जाऊन बसायचे. लहानपणी मला त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

परवाच्या बैठकीत मी त्यांचा टोपीवरचा बिल्ला घेऊन गेले होते. एक ढाल. तिच्यावर चाकांच्या तीन तोफा, एकाखाली एक, आणि वरच्या पट्टीत तीन गोळे. रोज ब्रासो लावून घासल्यामुळे मधल्या तोफेच्या चाकाचे आरे गुळगुळीत झालेत, बोट फिरवलं तर लागत नाहीत. मी तो सगळ्यांच्या हातात दिला. एका काकांनी उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, “तोफखान्याचा दिसतोय.” चाळीस वर्षं शेजारी राहिलेला माणूस!

तोफखान्याचा नाही तो. तोफखाना तोफ डागतो. ऑर्डनन्सवाले ती तोफ, तिचा गोळा, तिचे सुटे भाग, तोफ डागणाऱ्याचे बूट आणि त्याच्या अंगावरचा कोट जपतात, मोजतात आणि वेळेवर पोचवतात. राशन, पेट्रोल आणि वाहतूक हे काम आर्मी सर्व्हिस कोअरचं, त्यांचं ब्रीद ‘सेवा अस्माकं धर्मः’. ऑर्डनन्सचं ब्रीद ‘शस्त्र से शक्ति’. ही दोन दलं थांबली तर पुढची पलटण चार दिवसांत रिकाम्या हाताने बसेल.

माझं मागणं एवढंच: एका खांबावर बिगुल राहू दे, दुसऱ्यावर तीन तोफांची ढाल कोरा. आणि ‘इतर’ हा शब्द काढा. तुमचं काय मत आहे ते मोकळेपणाने सांगा, विरोधात असलं तरी.

बिगुल मराठा

ताई, आधी तुमच्या बाबांना माझा सॅल्यूट. पण मी विरोधात आहे आणि का ते सांगतो.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो. बेळगावच्या सेंटरला कसम खाल्ली तेव्हा त्या बिगुलाकडं बघून खाल्ली. आपल्या जिल्ह्यातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या मराठ्यातच गेली. कोल्हापूर संस्थानची राजाराम रायफल्स विलीनीकरणानंतर मराठ्यातच आली. टेंबलाईला आजही टीएची, म्हणजे टेरिटोरियल आर्मीची, बटालियन आहे, ती पण मराठ्याचीच. इटलीत १९४४ ला यशवंत घाडगे आणि १९४५ ला नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तो हा बिगुल छातीशी धरूनच. गावच्या कमानीवर तो असणार नाही तर कुठं असणार?

कमान म्हणजे डेपोचा नामफलक नव्हे. समोरून गोळी आली तेव्हा जो उभा राहिला त्याची ती खूण. ऑर्डनन्सला मी कमी लेखत नाही. पण घराच्या दारावर कुलदैवताचं चित्र लावतात, कोठीखोलीचं नाही.

शाहूनगरीचा वाचक

मला वेगळीच अडचण दिसते. तीन तोफा आणि तीन गोळे हे चिन्ह आपलं मुळी नाहीच. इंग्लंडात ‘बोर्ड ऑफ ऑर्डनन्स’ नावाचं खातं होतं, लंडन टॉवरमधून चालायचं. तोफा आणि गोळ्यांची ही ढाल त्यांची. ते खातं १८५५ मध्ये बंद झालं, कारण क्रिमियाच्या युद्धात सैन्याचे खाण्यापिण्याचे आणि कपड्यालत्त्याचे जे हाल झाले त्यावरून लंडनमध्ये गहजब उडाला होता. म्हणजे पुरवठ्यात नापास झालेल्या खात्याचा शिक्का आपण कागल तालुक्यातल्या वेशीवर कोरायचा?

कंपनी सरकारने कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये ८ एप्रिल १७७५ ला आपलं ऑर्डनन्स बोर्ड काढलं आणि आपलं ऑर्डनन्स कोअर आजही तोच दिवस स्थापनादिन म्हणून पाळतं. त्याच वर्षी इकडे पुण्याच्या कारभाऱ्यांशी इंग्रजांचं पहिलं युद्ध सुरू झालं होतं. ती कोठारं आपल्याविरुद्धच भरली जात होती.

आणि नौदलाने करून दाखवलंच की. सप्टेंबर २०२२ मध्ये झेंड्यावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस काढला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आणला. ते कोचीत झालं, आपण तर कोल्हापुरात बसलोय.

कागलची लेक

दोघांचंही नीट वाचलं.

शाहूनगरीचे दादा, ढाल विलायतेची आहे हे खरं. पण मग बिगुल कुठला? तो तरी शिवकालातला आहे का? आपल्याकडे शिंग, तुतारी, नगारा. बिगुल ही इंग्रजांच्या हलक्या पायदळाची खूण. त्यांचे शिकारी-टिपणारे शिपाई विखरून लढायचे, त्यांना ढोलाची हाक पुरायची नाही म्हणून शिंगासारखा बिगुल आला. मराठ्यांच्या पलटणीला ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब १८४१ साली कंपनीच्याच काळात मिळाला. तोफा परक्या म्हणून नको असतील तर बिगुलही त्याच न्यायाने जातो. मला तो जायला नको आहे. म्हणून तोफाही राहू द्या म्हणते.

बिगुलवाले काका, तुम्ही कुलदैवत आणि कोठीखोली म्हणालात. आमच्या घरात नवरात्रात घट बसतो तो धान्याच्या कणगीशेजारी. तुमच्याही घरी बहुधा तसंच असेल.

बिगुल मराठा

बिगुलावर मात्र मी हटणार नाही ताई. तो आला विलायतेहून, पण राहिला आपल्या रक्तावर. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणत जी माणसं चढली त्यांनी तो आपला केला. चिन्ह कुठून आलं हे मी विचारत नाही, त्याच्याखाली कोण पडलं हे विचारतो.

देहूरोड निवृत्त

मी ऑर्डनन्सचाच, देहूरोड आणि खडकीत नोकरी झाली. बिगुलवाल्या साहेबांनी शेवटी जी कसोटी सांगितली ती मला मान्य आहे, आणि तीच आम्हाला लावून बघा.

दारूगोळ्याच्या डेपोत काम म्हणजे काय ते बाहेर कुणाला माहीत नसतं. आत जाताना काडेपेटी आणि लायटर गेटवर काढून ठेवायचा. शेडमध्ये पेट्या रचायच्या त्या ठरलेल्या उंचीच्या वर नाहीत, भिंतीपासून ठरलेलं अंतर सोडून. मे महिन्यात शेडचं तापमान वहीत लिहायचं. प्रत्येक पेटीवर लॉट नंबर, कारण एखाद्या लॉटमध्ये खोट निघाली तर देशभरातून तेवढाच लॉट मागे घ्यायचा असतो. ही सगळी शिस्त एकाच कारणासाठी: काही झालं तर पळायला वेळ मिळत नाही. आमच्यातही डेपोत जळून गेलेली माणसं आहेत. त्यांच्यासमोर शत्रू नव्हता एवढाच फरक.

कारगिलला १९९९ मध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. टीव्हीवर बोफोर्स दिसली. त्यातला प्रत्येक गोळा कुठल्या ना कुठल्या शेडमधून, कुणाच्या तरी सहीने, व्हाउचरवर चढून गेला होता. त्या महिन्यांत आमच्याकडे दिवस-रात्र पाळी हा शब्दच उरला नव्हता. ट्रक लागला की भरायचा.

एक जुनी शंका नेहमी विचारली जाते, तिचंही सांगून टाकतो. ढालीवरचे गोळे तोफेच्या तोंडापेक्षा मोठे दिसतात, मग ते आत जाणार कसे, हे चिन्ह काढणाऱ्याला तोफ कळत नव्हती का? तर ते मापाने काढलेलं चित्र नव्हे. दुरून ढाल बघणाऱ्याला गोळा हा गोळा म्हणून कळावा एवढाच हेतू. देवीच्या मूर्तीचे डोळे मोठे का असतात, हे कुणी मोजपट्टी लावून विचारत नाही.

शाहूनगरीचा वाचक

डेपोतलं वर्णन वाचून गप्प झालो. माणसांबद्दल माझा वाद कधीच नव्हता. चिन्हाबद्दल आहे आणि तो राहतोच. बिगुलाचं मूळ ताईंनी दाखवलं तेही कबूल. पण एका चुकीमुळे दुसरी का करायची? दोन्ही काढा की.

चावडीजवळ

मी तिसरंच म्हणतो. एकही चिन्ह नको.

आपल्या भागात कितीतरी गावांच्या चावडीवर पहिल्या महायुद्धाचा दगड आहे. या गावातून अमुक माणसं १९१४ ते १९१९ च्या युद्धावर गेली, अमुक परत आली नाहीत. बस. पलटण नाही, बिल्ला नाही, नावंसुद्धा नाहीत. मी शाळेत असताना त्या आकड्यावर खडू फिरवून कागदावर छाप घेतला होता. अजून आठवतो. त्या आकड्यात कोण बंदूक घेऊन गेला, कोण खेचरं हाकायला गेला आणि कोण स्वयंपाकी म्हणून गेला, ते दगड सांगत नाही. सगळे एका ओळीत. मला तेच बरोबर वाटतं.

चिन्हं आली की रांगा आल्या. आज ऑर्डनन्स, उद्या गाड्या-हत्यारं दुरुस्त करणारं ईएमई, परवा मेडिकल, सिग्नल, मग नौदल, हवाई दल. खांब किती आहेत कमानीला?

कागलची लेक

चावडीजवळचे दादा, तुमचं म्हणणं मनाला भिडलं, पण नुसत्या आकड्यात माझ्या आजोबांच्या पिढीतला माणूस हरवूनच गेला ना? खेचरं हाकणारा होता हे दगडाने सांगितलं नाही म्हणून आज कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या महायुद्धाचंच बघा, १९३९ च्या डिसेंबरात हिंदी सैन्याच्या खेचर कंपन्या फ्रान्समध्ये उतरल्या, ब्रिटिश फौजेला माल पोचवायला. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कमधून १९४० मध्ये जी फौज काढली तिच्यात ही माणसंही होती आणि त्यांची एक कंपनी जर्मनांच्या हाती लागली. पंजाबकडचे लोक होते बहुतेक. किती जणांनी ऐकलंय हे? खूण राहिली नाही की काम पुसलं जातं. इटलीतही डोंगरांवर जिथे गाडी चढत नव्हती तिथे पुढच्या पलटणींना गोळी, पाणी, भाकरी खेचरांनीच नेली.

अमेरिकेच्या क्वार्टरमास्टर कोअरचा बिल्ला मी मुद्दाम बघितला. तलवार आणि किल्ली एकमेकींवर आडवी-तिरपी, खाली गाडीचं चाक, तेरा आऱ्यांचं, त्यांच्या मूळच्या तेरा वसाहतींसाठी. वर गरुड. तलवार म्हणजे सैन्य, चाक म्हणजे वाहतूक आणि किल्ली म्हणजे कोठाराची जबाबदारी. किल्ली बघून मला भरून आलं. बाबांच्या कमरेला जुडगा असायचा. रजेवर आले तरी झोपेत हात तिथे जायचा, किल्ल्या आहेत का बघायला. त्या तर डेपोत जमा करूनच ते घरी यायचे.

पन्हाळा भटकंती

एवढ्या चर्चेत कोल्हापुरापासून बारा मैलांवरच्या चिन्हाचं कुणी नावच काढलं नाही!

पन्हाळ्याचा अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती, तीन कोठारं. एकट्या गंगा कोठारात पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. आत गेलात तर वरच्या झरोक्यातून उजेडाचा एक पट्टा जमिनीपर्यंत येतो, त्याच झरोक्यांतून धान्य ओतायचे. मे महिन्यातही आत गार. सिद्दी जौहरने १६६० मध्ये महाराजांना वेढलं, उन्हाळाभर वेढा हलला नाही, पाऊस सुरू झाला तरी नाही, तेवढा काळ गड तगला कशावर? बाजीप्रभूंचा पराक्रम आपण दरवर्षी गातो आणि गायलाच हवा. पण जुलैतल्या त्या रात्री पावनखिंडीकडे धावायला माणसांच्या पायांत बळ होतं, ते गडावर तोवर अन्न होतं म्हणून. कोठी सांभाळणाऱ्याचं नाव कुणाला येतं?

महाराजांच्या अठरा कारखान्यांत तोफखाना आहे तसा अंबरखाना आहे, पाण्याचा आबदारखानाही आहे. एका यादीत, बरोबरीने. आणि आपल्या बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य आज्ञापत्रात लिहून गेले की दारूखाना वस्तीजवळ नसावा आणि हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून ऊन दाखवून परत मोहरबंद ठेवावी. देहूरोडच्या काकांनी वर जे सांगितलं, शेडचं तापमान नि लॉट नंबर, ते हेच की!

म्हणून माझं मत: पुरवठ्याची खूण हवीच, पण तीन तोफांऐवजी तीन कोठारं कोरा. तीनाला तीन. शाहूनगरीच्या दादांचाही प्रश्न मिटतो.

शाहूनगरीचा वाचक

याला माझा पूर्ण पाठिंबा.

देहूरोड निवृत्त

माझा नाही. पन्हाळ्याचा अभिमान मलाही आहे, पण माझ्या टोपीवर कोठार नव्हतं. तीन तोफा होत्या. शिपायाची खूण म्हणजे त्याने अंगावर घातलेली. दुसरं कितीही सुंदर असलं तरी ते त्याच्या अंगावरचं नाही. नौदलाचा झेंडा नौदलाने बदलला. ऑर्डनन्सने उद्या बिल्ला बदलला तर आम्ही तोही मानू. गावाने तो बदलायचा नसतो.

आणखी एक दाखवतो. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर लष्करी ट्रक दिसला की नंबरप्लेट बघा. आकड्यांबरोबर वर टोक केलेला एक बाण असतो. ज्या खात्याची ही तोफांची ढाल, त्याच बोर्ड ऑफ ऑर्डनन्सची ती सरकारी मालावरची निशाणी. बंदुकीच्या दस्त्यावर, पेटीवर, तंबूवर ते हा बाण मारायचे, म्हणजे माल सरकारी, विकायचा नाही. विलायतेचं सगळं खोडायचं तर त्या प्रत्येक ट्रकपासून सुरुवात करावी लागेल. आम्हाला त्या बाणात इंग्रज दिसत नाही. हिशेब दिसतो.

बिगुल मराठा

काकांचं हे म्हणणं मला पटलं. अंगावर जे घातलं तीच खूण. या न्यायाने माझा बिगुलही टिकतो आणि ताईंच्या बाबांची ढालही. दोन खांब, दोन खुणा, आता मी आडवा येत नाही. पण एक मागणं आहे: नावं पलटणीप्रमाणे वेगळी नकोत. चावडीवाल्या दादांचं तेवढं बरोबर आहे. भरतीच्या सालाप्रमाणे सगळी एका रांगेत लावा.

माझी कंपनी बर्फात होती तेव्हा जाडे बूट आणि कोट एका संध्याकाळी आले होते. आणणाऱ्याचं नाव मी विचारलं नव्हतं. आज सकाळपासून तेच डोक्यात आहे.

चावडीजवळ

सालाप्रमाणे नावं असतील तर चिन्हाला माझा विरोध थोडा सैल होतो, जात नाही. ईएमई आणि सिग्नलवाल्यांना तुम्ही काय सांगणार ते अजून कुणी बोललेलं नाही. इंग्लंडने १९९३ मध्ये वाहतूक, ऑर्डनन्स, पायोनियर (अंगमेहनतीची कामं करणारं दल), स्वयंपाकी आणि टपालवाले एकत्र करून रॉयल लॉजिस्टिक कोअर केलं, तेव्हा एकाच बिल्ल्यात सगळ्यांचं काही ना काही घेतलं. वाहतुकीचा तारा, पायोनियरांच्या कुऱ्हाडी, ऑर्डनन्सची ही तोफांची ढाल. आपल्या कमानीवर तशी एक पट्टी करता येईल, सगळ्यांच्या खुणा लहान-लहान.

आणि एक काळजी घ्या. लष्करी बिल्ल्यांवर बहुतेक ठिकाणी अशोकस्तंभाचे सिंह असतात. राज्यचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. परवानगीशिवाय सिंह कोरलेत तर उद्या पाडायची वेळ येईल. पाथरवटाला हातोडी देण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नक्षा दाखवा.

कागलची लेक

सिंहांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, उपकार झाले. नुसती ढाल आणि नुसता बिगुल असा नवा नक्षा काढून घेते आणि सोमवारी कार्यालयात जाते. खांबांच्या वर आडव्या तुळईवर बाकी दलांच्या लहान खुणांची पट्टी घालायची कल्पना बैठकीत मांडते. नावं सालाप्रमाणे, हे तर काकांनी माझ्या मनातलं सांगितलं. बाबांचं साल १९७४, म्हणजे ते तिसऱ्या ओळीत येतात, मराठ्यातल्या त्यांच्याच वर्गमित्राच्या शेजारी.

पन्हाळ्याची कोठारं कमानीवर नाही घेता येत, पण पायथ्याच्या दगडी बाकावर कोरायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही.

शाहूनगरीचा वाचक

बाकाचा खर्च माझ्याकडे. तोफांना माझा विरोध कायम आहे, तो बैठकीतही सांगेन.

देहूरोड निवृत्त

ताई, ढालीखाली ब्रीद कोरणार असाल तर एक सांभाळा. ‘शस्त्र से शक्ति’ हे हिंदी आहे, त्यातला ‘क्ति’ ऱ्हस्व. आपला पाथरवट मराठी सवयीने दीर्घ काढेल आणि दगडावरची वेलांटी मग खोडता येत नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्याच्या हातात द्या, आणि तो ते अक्षर कोरेल तेव्हा शेजारी उभ्या राहा.